मुकुटाचा डावा पंख

चांदीच्या तबकावरच्या राजाच्या मुकुटाचा पंख उतरवायला अखेर मिस्त्रींनाच बोलावणं आलं, कारण तो नेमका कुठे जोडलाय हे दुसऱ्या कुणाला सापडेना. निवृत्त माणसाच्या दारात संग्रहालयाची गाडी उभी राहिलेली पाहून गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. बायको म्हणाली, "सत्कार आहे की चौकशी, तेवढं विचारून मग बसा गाडीत."

मिस्त्रींनी गाडी परत पाठवली. उद्या बसनं येतो म्हणाले.

संग्रहालयाच्या मागच्या अंगाला धातूदुरुस्तीची खोली होती. एकच खिडकी, तीही सांडपाण्याच्या पाइपाकडे उघडणारी. एक बाक, राळेची कुंडी, वाळू भरलेली चामड्याची उशी आणि भिंतीवर मापानं लावलेल्या छिन्न्या. मिस्त्रींचा जन्म त्या खोलीत गेला. काम सांगायला सोपं होतं: जुन्या भांड्यांचं जे तुटलंय ते सांभाळायचं, जे गेलंय तिथं भर घालायची. करायला मात्र सोपं नव्हतं. फार जुनी चांदी बिस्किटासारखी होते. जोर लावला की तडकते, नाही लावला तर जागची हलत नाही. आपल्या हातात किती जोर आहे हे ज्याला कळत नाही त्यानं इथं येऊ नये, असं थोरले मिस्त्री सांगायचे. थोरले म्हणजे यांच्या आधी त्या बाकावर बसणारे. त्यांचा एक नियम होता. भर घातलेला भाग जुन्यापेक्षा केसभर खाली बसवायचा. डोळ्याला नाही दिसला तरी चालेल, पण बोट फिरवलं की लागला पाहिजे.

मिस्त्रींनी हा नियम आयुष्यात एकदाच मोडला. तोही आळसापायी नव्हे, उलट कारणानं.

ते तबक चांगलं परातीएवढं होतं. पहारेकरी त्याला परातच म्हणत. मधोमध घोड्यावर बसलेला राजा, मागं वळून धनुष्य ताणलेलं, खाली रानडुक्कर. राजाचं नाव कुठंच नाही. तेव्हाचे मोठे साहेब या विषयातले नावाजलेले. त्यांनी मिस्त्रींना समोर बसवून समजावलं होतं. हे तबक ज्या घराण्याचं, त्यातला प्रत्येक राजा गादीवर बसला की आपला वेगळा मुकुट करवून घ्यायचा. कुणाचा बुरुजासारखा, कुणाचा चंद्रकोरीचा, कुणाचा पंखांचा. नाण्यांवर मुकुटाखाली नाव असतं, तबकांवर नसतं. म्हणून तबकावरचा मुकुट नाण्यावरच्या मुकुटाशी जुळवायचा.

"आणि चेहरा?" मिस्त्रींनी विचारलं होतं.

"चेहऱ्यावर जाऊ नका. सगळे एका साच्यातले. दाढी, कानात मोती आणि बायकोशी भांडून आल्यासारखं तोंड."

राजाचं डोकं एका अंगानं दाखवलेलं, म्हणून मुकुटाची डावी बाजूच तेवढी दिसायची, आणि या तबकावर नेमकी तीच गेलेली होती. जुने कारागीर उठावाचे भाग वेगळे घडवत. तबकाच्या पत्र्याचा बारीक ओठ उचलायचा, त्यात तुकडा बसवायचा आणि ओठ दाबून टाकायचा. वितळवलेल्या धातूची झाळ नाही की डिंक नाही. तसा एक तुकडा कधीतरी निसटून गेला होता. मागं राहिली झिजलेली खाच आणि नखाएवढा बुंधा. साहेबांनी नाण्यांचा ट्रे आणवला, भिंग लावलं, आणि बराच वेळ वाकून राहिल्यावर पाठ सरळ केली.

"पंखाचं मूळ आहे हे, मिस्त्री. शंकाच नाही." त्यांनी पेन्सिलीनं पंख काढून दिला. "असा उठतो इथून. घडवा."

त्यानंतरचा अख्खा हिवाळा मिस्त्रींनी त्या मेलेल्या कारागिराचा हात शिकण्यात घालवला. घोड्याच्या शेपटीवर, भात्यावर, डुकराच्या केसांवर भिंग धरून पाहिलं. तो माणूस छिन्नी डावीकडे कलती धरायचा. घाव आखूड. घावाच्या शेवटी मनगट किंचित वळायचं, म्हणून प्रत्येक रेघेला बारीक शेपूट. मिस्त्रींनी तांब्याच्या पत्र्यावर पंख कोरला आणि फेकला. पुन्हा कोरला, पुन्हा फेकला. जेवताना पोळीवर चमच्याच्या दांड्यानं रेघा ओढत, तेव्हा बायको म्हणाली होती, "राजाला पंख फुटेपर्यंत माझ्या पोळ्यांना तरी सोडा."

चांदीचा पंख झाला तेव्हा तो केसभर खाली बसवायचा होता. मिस्त्रींच्यानं ते झालं नाही. एवढ्या कष्टाचं काम आपणच उघडं पाडायचं हे त्यांच्या हाताला पटेना. त्यांनी तो जुन्याच्या पातळीत बसवला, ओठ दाबला, उकडलेल्या अंड्याच्या बलकाबरोबर डबाबंद ठेवून जुन्या चांदीइतका काळा केला. जोड स्वतःलाच सापडेना तेव्हा थांबले.

साहेबांनी ग्रंथ लिहिला. मुखपृष्ठावर तबक. पाटीवर राजाचं नाव आलं. शाळेच्या सहलींना सगळ्यात आधी 'पंखवाला' दाखवायचे. साहेब मोठे झाले, मग निवृत्त झाले. मिस्त्रीही निवृत्त झाले.

आता साहेबांच्या जागी नव्या बाई आल्या होत्या. त्यांच्याकडे केस वाळवायच्या यंत्रासारखं एक यंत्र होतं. भांड्याला टेकवलं की धातूत काय काय आहे ते सांगायचं. राजाच्या अंगात जुन्या चांदीत असतात तसे सोन्याचे, शिशाचे अंश निघाले. डावा पंख मात्र बाजारातली शुद्ध चांदी. बाईंनी जोड शोधला. त्यांच्या हाताखालच्यांनी शोधला. बाहेरून माणूस आणून शोधला. सापडला नाही. मग संग्रहालयाच्या समितीनं सरळ हिशेब केला: पंख नवा आणि जोड नाही, म्हणजे सगळं एकाच हातचं, जुनी चांदी वितळवून केलेली बनावट. तबक यादीतून काढायचं ठरत आलं होतं. तेवढ्यात एका पहारेकऱ्याला मिस्त्री आठवले.

गाडी परत गेली त्याच संध्याकाळी मोठे साहेब घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जिना चढून धाप लागलेली. खुर्चीत बसले, पाणी प्यायले.

"उद्या जाताय म्हणे."

"जातोय."

"सापडला नाही म्हणून सांगा."

मिस्त्रींनी साहेबांपुढचा रिकामा पेला उचलला.

"अहो, सापडला नाही तर काय होईल? तबक तळघरात जाईल. खरं की खोटं, वाद राहील. वाद राहिला तर माझं लिहिलेलं राहतं. तुम्ही पंख काढलात की त्या राजाचं नावच जातं."

"नाही काढला तर तबक खोटं ठरतंय, साहेब."

"ठरू दे ना! तुम्हाला काय त्याचं? उलट तुमचं काम बघा, जगात कुणाला जोड सापडत नाही. स्वतःच्या हातानं मोडणार?"

बायको चहा घेऊन आली होती. कप ठेवत म्हणाली, "साहेब, एवढ्या वर्षांत आज घर सापडलं तुम्हाला. जोडापेक्षा अवघड होतं वाटतं."

साहेब हसले नाहीत. ते गेल्यावर मिस्त्रींनी कप विसळून पालथे घातले. म्हातारा खोटं बोलला नव्हता. मोडायचं जिवावर आलं होतं. नुसतं 'नाही सापडत' म्हणायचं, की ते काम कायमचं राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच जुन्या बाकावर मखमल अंथरून तबक ठेवलेलं होतं. बाई, समितीचे दोघं, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मोठे साहेब. छिन्न्या भिंतीवरून गेल्या होत्या. मिस्त्रींनी पिशवीतून आपल्या काढल्या.

"काका, सापडेल ना?" बाईंनी विचारलं. "नाहीतर आजच निकाल लावायचाय."

मिस्त्रींनी तबक खिडकीकडे कलतं केलं. घोड्याची शेपूट दिसली. आखूड घाव, शेवटी वळलेलं मनगट. त्या माणसानं हे करायला किती हिवाळे घातले असतील ते मिस्त्रींना चांगलं ठाऊक होतं. त्याला आता ही माणसं बनावट म्हणणार होती. कशापायी, तर दुसऱ्या कुणी त्याची नक्कल फार चांगली केली म्हणून.

त्यांनी हाडाची पट्टी घेतली, पंखाच्या टोकाखाली नाही, तर मुकुटाखालच्या केसांच्या कडेला टेकवली. तिथून ओठ उचलला. थोडा थोडा, श्वास धरून. पंख सुटला आणि मखमलीवर पडला. आवाज झालाच नाही.

खाली जुनी खाच होती, हिरवट गंज साठलेली, आणि तोच बुंधा. बाईंनी यंत्र टेकवलं, मान हलवली. "खरं आहे. तबक खरं आहे." समितीतल्या एकानं टाळी वाजवायला हात उचलले आणि साहेबांकडे बघून खाली घेतले.

मग नाण्यांचा ट्रे आला. बाई बराच वेळ ताडून बघत होत्या. "हे पंखाचं मूळ असू शकतं. बुरुजाची कड असू शकते. चंद्रकोरीचं टोकही असू शकतं. यावरून नाव नाही देता येणार."

"मी भोक बुजवायला सांगितलं होतं," साहेब कोपऱ्यातून म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं. "नुसतं भोक. पंख यांनी बसवला. मी नंतर पाहिलं तेव्हा तो होताच. मी त्यावरून लिहिलं."

मिस्त्रींनी पट्टी खाली ठेवली. "भोक बुजवायला पंखाचं चित्र कशाला दिलं होतंत, साहेब?"

"कुठलं चित्र?"

"पेन्सिलीचं."

"आठवत नाही बुवा."

त्यांच्या तोंडाकडे बघून मिस्त्रींना कळेना, म्हातारा खोटं बोलतोय की त्याला खरंच आठवत नाहीये. कळून फरकही पडणार नव्हता. चित्र केव्हाच चुलीत गेलं होतं.

बाईंनी नवी पाटी तिथंच लिहायला घेतली. 'अज्ञात राजा, शिकारीचं दृश्य. कारागिरानं परस्पर केलेली भर काढून टाकली आहे.' लिहून झाल्यावर त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं.

"परस्पर?" मिस्त्री म्हणाले.

"लेखी काहीच नाही, काका. साहेब नाही म्हणतायत. तो शब्द काढला तर सांगितलं कुणी, असं विचारतील. मी काय उत्तर देऊ?"

"केसभर खाली बसवला नाही, असं लिहा. ते खरं आहे."

"ते वाचणाऱ्याला कळणार नाही."

"नाही कळणार," मिस्त्री म्हणाले आणि छिन्न्या गुंडाळू लागले. पंख बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर नंबर टाकला.

बाहेरच्या पायऱ्या नुकत्याच पुसलेल्या होत्या. साहेब वरच्या पायरीवर उभे राहिले, खाली बघितलं आणि हात पुढं केला. दुसरं कुणी जवळ नव्हतं. मिस्त्रींनी धरला. उतरताना साहेब थांबत थांबत सांगत राहिले की बुंध्याचा कल वरच्या दिशेला आहे, चंद्रकोरीला तसा कल नसतो, या नव्या लोकांना यंत्राशिवाय दिसत नाही, पंखच होता. मिस्त्री पायऱ्यांकडे बघत उतरत होते. खाली आल्यावर साहेबांनी त्यांचा दंड दाबला.

"पण काम काय केलं होतंत हो, मिस्त्री! तोड नाही."

मिस्त्रींनी हात सोडवून घेतला. साहेब जरा झुकले, मग कठड्याला धरून उभे राहिले. मिस्त्री बसथांब्याकडे निघाले. मागून साहेबांनी एकदा हाक मारली, ती त्यांना ऐकू आली.

घरी बायकोनं दार उघडलं. "सापडला?"

"सापडला."

"मग काय म्हणाले?"

"भूक लागलीय. वाढ."