मनोहरभाऊंची डिस्क खराब नव्हती

बातमी आली तेव्हा मी दुकानात एका जिनिंगवाल्याशी कॅमेऱ्यांचा भाव करत होतो. त्याला चार कॅमेरे हवे होते आणि वायर फुकट हवी होती. तेवढ्यात माझ्या बायकोचा, शोभाचा फोन आला. "मनोहरभाऊ गेले," एवढंच ती म्हणाली. मी तिला "दोन मिनिटं" म्हणालो आणि फोन पालथा ठेवला. दोनाची दहा मिनिटं झाली. वायर मी फुकट सोडली नाही. सौदा झाल्यावर शटर ओढलं, गाडीला किक मारली आणि भाऊंच्या घरी गेलो. सकाळी अंगणात दात घासता घासता भाऊ ओट्यावर टेकले होते, ते तसेच राहिले. आता दीड महिना झाला. ती दहा मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत, आणि त्यांच्या मागे लपलेली एक जुनी गोष्टही जात नाही. तीच लिहायला बसलो आहे.

मनोहरभाऊ माझे साडभाऊ. वरवट बकालच्या एका घरातल्या दोन बहिणी आम्हा दोघांना दिलेल्या, थोरल्या कमलताई त्यांना आणि धाकटी शोभा मला. जळगाव जामोदला आमची घरं हाकेच्या अंतरावर. भाऊ इथल्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. बरण्या धुणं, कुलपं उघडणं, पोरांनी फोडलेल्या नळ्यांची नोंद ठेवणं, हे त्यांचं काम. मी सासुरवाडीच्याच बाजारात पोतं अंथरून रेडिओ दुरुस्त करायला सुरुवात केली होती. रेडिओवरून टीव्हीवर, टीव्हीवरून कॉम्प्युटरवर आलो. कोणी हात दिला नाही, मी कोणापुढे पसरलाही नाही. अशा माणसाला कोणी वाकडं बोललं तर त्याला ते विसरता येत नाही. मला तरी आलं नाही.

त्यांच्या शाळेत सरकारी योजनेतून कॉम्प्युटर आले. त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. विंडोज म्हणजे कंपनीकडून विकत घ्यायचं, आणि लिनक्स जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, कोणीही फुकट घ्यावं, उघडून पाहावं, हवं तसं बदलावं असं. मास्तरांना ते ओळखीचं वाटेना, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर कापड टाकून ठेवलं. भाऊंकडे धूळ झटकायचं काम आलं. धूळ झटकता झटकता हा दहावी शिकलेला माणूस शाळा सुटल्यावर तिथे बसायला लागला, आणि वर्षभरात त्या यंत्राच्या पोटात काय आहे ते मास्तरांना सांगायला लागला.

मग त्यांनी घरासाठी माझ्याकडूनच कॉम्प्युटर घेतला. तो दिवस मला लख्ख आठवतो. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. मी जोडणी करून विंडोजची कॉपी केलेली सीडी हातात घेतली, तर भाऊ म्हणाले, "त्यात काही टाकू नको. रिकामा दे."

"काऊन भाऊ? सगळ्याईलेच टाकून देतो. तुमच्याकून काही घेऊन राह्यलो काय त्याचे?"

"तू देऊन राह्यला हे खरं. पण ते तुह्यं आहे काय?"

एक गिऱ्हाईक हसलं. "पकडला बे प्रल्हाद."

माझं डोकं फिरलं. "सारा तालुका हेच वापरते. मंग सारा तालुका चोर आहे काय?"

"चोर कोणाले म्हटलं मी? विकतचं पाहिजे त विकत घ्या. फुकटचं पाहिजे त फुकटचं घ्या, तेही चांगलंच आहे. विकतचं फुकट कायले घ्याचं?"

भाजीवाली वर मूठभर कोथिंबीर टाकते, तशी ती सीडी मी प्रत्येक कॉम्प्युटरवर टाकत होतो. गिऱ्हाईक खूश, मी खूश. त्या दिवशी मात्र मी कॉम्प्युटर रिकामाच बांधून दिला. भाऊ कधी विंडोजला वाईट म्हणाले नाहीत, हेही सांगायला हवं. त्यांचं म्हणणं एवढंच, की घरात कॉम्प्युटर येतो तेव्हा त्यात काय चालणार हे आपण ठरवावं, दुकानदाराने नाही. मला मात्र त्यात फक्त माझा अपमान ऐकू आला. गिऱ्हाइकांदेखत केलेला.

पुढे त्यांनी एक वेगळाच उद्योग काढला. त्यांच्या लिनक्सवर मराठी होती, पण ती पुस्तकी. कमलताई माउसला हात लावायला भ्यायच्या. पडद्यावर 'कृपया प्रतीक्षा करा' आलं की म्हणायच्या, "हे कोण्या साहेबाची नोटीस आली काय हो?" तर या माणसाने त्या वाक्यांच्या याद्या उघडल्या, आणि एकेक वाक्य घरातल्या बोलीत लिहून काढलं. 'थांबा जराकसं.' 'सारं धुंडलं, नाही भेटलं.' प्रिंटरचा कागद संपला की, 'कागद सरला.' हजारो वाक्यं होती. रोज शाळेतून आल्यावर दहा-वीस करायची, ताईंना मोठ्याने वाचून दाखवायची, त्या हसल्या की ठेवायची, नाही हसल्या तर खोडायची.

मी एकदा म्हणालो, "भाऊ, हे वापरन कोण?"

"कमल वापरन."

"एका बाईसाठी एवढं?"

"एक बाई कमी आहे काय?"

तीन वर्षं ते काम चाललं. ताई त्यावर गहू-तुरीचे भाव पाहायला लागल्या, भिशीची यादी करायला लागल्या.

भाऊंची मुलगी स्वाती तेव्हा कॉमर्सला होती. तिच्या क्लासमधला हिशेबाचा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालायचा. भाऊ आणि ताई एका लग्नासाठी तीन दिवस देऊळगाव राजाला गेले, आणि स्वाती आमच्याकडे राहायला आली. "काकाजी, परीक्षा आली," ती म्हणाली. "बाबा नुसते पाहू, पाहू म्हणून राह्यले. तुमी टाकून द्या ना विंडोज." पोरीचं काही चुकलं नव्हतं. तिला गरज होती आणि तिने ती योग्य माणसाला सांगितली होती.

योग्य माणूस किल्ली घेऊन भाऊंच्या घरी गेला.

दोन्ही प्रणाली एकाच कॉम्प्युटरमध्ये शेजारी शेजारी राहू शकतात. मला ते माहीत होतं, येतही होतं. तासाभराचं काम जास्त लागलं असतं. पडद्यावर 'आपली बोली' नावाचा फोल्डर होता, तो मी उघडून पाहिला. त्यातली वाक्यं वाचली, एक-दोन ठिकाणी हसलोसुद्धा. मग 'पकडला बे प्रल्हाद' हे कानात आलं... आणि मी कॉम्प्युटरची अख्खी हार्ड डिस्क पुसून तिच्यावर विंडोज टाकलं. नातेवाइकांत मी ही गोष्ट नेहमी "घाईत झालं" म्हणून सांगत आलो. घाई नव्हती. त्या दुपारी मला दुसरं काहीही काम नव्हतं.

लग्नाहून आल्यावर भाऊ एकटेच दुकानात आले. मी चहा सांगितला. ते बसले आणि म्हणाले, "डिस्क खराब झालती काय रे?"

गिऱ्हाइकाला सांगायचं हे माझं ठरलेलं वाक्य त्यांनी स्वतःच माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं. "हाव. गेलतीच समजा. वाचवली म्हणून बरं."

"मंग जुनं काही निघते काय त्यातून?"

"नाही निघत भाऊ."

तेव्हा बसलो असतो तर पुष्कळ काही निघालं असतं. पण काढायला बसलो असतो तर डिस्क धडधाकट आहे हे पाच मिनिटांत दिसलं असतं. आणि मी हे कोणाला सांगत होतो... शाळेतले वीस कॉम्प्युटर एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असंन बा," म्हणाले. चहा पूर्ण प्यायले, कप उचलून स्वतः टपरीवर नेऊन दिला आणि गेले.

पंधरा दिवसांनी ते अकोल्याहून विंडोजचा अस्सल, डबाबंद संच विकत घेऊन आले. मी टाकलेलं काढून तो टाकला. "तुले गरज आहे त घेतलं," एवढंच पोरीला म्हणाले. हे स्वातीकडून कळलं तेव्हा मी पुन्हा भडकलो. माझ्याकडून घेतला असता तर कमी भावात आणून दिला नसता काय? घरी शोभावर आवाज चढवला. ती म्हणाली, "त्याईनं तुम्हाले एक शब्द तरी म्हटला काय? तुमीच कायले पेटून राह्यले?"

एक शब्द म्हटला नाही, हीच तर माझी तक्रार होती. भांडले असते तर मी चार शब्द चढवले असते, दोन उतरवले असते, मध्ये कुठेतरी जमलं असतं. माणूस भांडलाच नाही. लग्नकार्यात ते माझ्या शेजारी बसायचे, माझ्या ताटात जिलबी वाढायला लावायचे. दुकानाची पायरी मात्र पुन्हा चढले नाहीत. स्वातीच्या लग्नात मी तिला भारी लॅपटॉप दिला, तेव्हा भाऊंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मनात म्हटलं, आता बोलावं. मंडपात कोणीतरी हाक मारली आणि मी गेलो. त्यानंतर किती तरी वर्षं होती माझ्याकडे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी लिनक्सचा एक जुना कॉम्प्युटर जमवला, आणि ती वाक्यं पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली. शोभा येऊन सांगायची. मी कधी पाहायला गेलो नाही.

गेल्या आठवड्यात कमलताईंनी बोलावलं. स्वातीला पुण्याला वडिलांचे फोटो पाठवायचे होते. भाऊंच्या खोलीत खिडकीशी तो कॉम्प्युटर आहे, वर ताईंनी शिवलेलं झाकण. फोटो सापडले, पण ड्रॉवरमधला पेन ड्राइव्ह भरलेला होता. तो रिकामा करावा म्हणून सवयीने बटण दाबलं. पुढे जी खिडकी येते तिच्यावर कोणी काही वाचत नाही, मी तर जन्मात वाचलेलं नाही. तिच्यावर होतं:

'सारं पुसल्या जाईन. मंग परत येत नाही. घरच्या माणसाले इचारलं काय?'

खाली दोन बटणं. 'हाव' आणि 'नाही'.

हे वाक्य त्यांनी पहिल्या वेळी लिहिलं होतं की दुसऱ्या वेळी, ते मला ठाऊक नाही. मग मी ताईंना हाक मारली. त्या ओले हात पदराला पुसत आल्या, आणि मी त्यांना सगळं सांगितलं. डिस्क चांगली होती. फोल्डर मी पाहिला होता. नंतरसुद्धा निघालं असतं.

ताई स्टुलावर बसून ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मले कायले सांगता आता? त्याईले सांगाचं होतं."

"त्याईले माहीत होतं काय ताई?"

"माहीत होतं. दुकानातून आले त मले म्हणे, प्रल्हाद येईन चार-आठ दिवसांत. म्या त दोन-तीनदा तुमच्या वाटणीचा चहा टाकला."

कॉम्प्युटर असा प्रश्न आपणहून बंद करत नाही. कोणी उत्तर देईपर्यंत तो थांबून राहतो. ताईंनी पुढे वाकून माझ्या हाताखालचा माउस काढून घेतला, 'नाही' दाबलं, आणि गॅसवर दूध आहे म्हणत आत गेल्या.