कूलरचं पाणी

माझ्या सुनेच्या सात टोपल्या मी मारल्या. औषध ओतून नाही की कात्री लावून नाही, एक साधं वाक्य बोलून मारल्या. ते वाक्य आमच्या गल्लीतली कुठलीही काटकसरी बाई बोलली असती, म्हणून मला कुणी काही म्हटलं नाही.

जळगावच्या आमच्या घराला पश्चिमेकडे गॅलरी आहे. दुपारी बारापासून दिवस मावळेपर्यंत तिथे ऊन तळ ठोकून असतं. ओला टॉवेल पाव तासात पापडासारखा कडक होतो. त्या गॅलरीत सून तासन्‌तास उभी राहायची. दिवाळीच्या तोंडावर तिचं पोटातलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. दवाखान्यातून आल्यापासून ती धड रडली नाही, धड जेवली नाही. मुलगा म्हणाला, "आई, तिला कशात तरी गुंतव." मी म्हटलं, मेथी निवडायला बस म्हणावं.

मेथीऐवजी तिने काथ्याच्या सात टोपल्या आणल्या आणि गॅलरीच्या लोखंडी दांडीला ओळीने टांगल्या. त्यांत पेटुनिया लावले. थंडीत ते असे काही लोंबले की रस्त्यावरचे लोक मान वर करून बघायचे. मी मनात म्हणत होते, होळी तर होऊ दे बाई. होळीनंतर आठवड्याच्या आत पेटुनियांनी माना टाकल्या, आणि ती माझ्याकडे आली.

"आई, आपल्या उन्हात काय टिकेल ते सांगा. मला आता मेलेलं काही बघवत नाही."

झाडांचं कुणी विचारलं की मला खोटं बोलता येत नाही. हे दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रात नोकरीला होते, तेव्हा कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरचं अंगण बघायला लोक सायकली थांबवायचे. राखेच्या धुळीत मी मोगरा फुलवलेला आहे. त्यामुळे मी तिला सगळं खरं खरं सांगितलं. चिनी गुलाब घे, त्याची पानं जाड असतात, पाणी धरून ठेवतात, आणि ऊन चढल्याशिवाय तो डोळा उघडत नाही. सदाफुली घे, पण उंच वाढणारी नको, लोंबणारी जात माग. काठाला पसरणारी घाणेरी लाव, तिला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. माती हलकी ठेव, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट मिसळ. टांगलेल्या टोपलीला चारी अंगांनी झळ लागते, म्हणून उन्हं चढायच्या आत एकदा आणि उन्हं कलल्यावर एकदा पाणी दे. वाळलेलं फूल खुडत जा. तिने ते डायरीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

महिन्याभरात गॅलरी पेटली. लाल, पिवळा, राणी रंग, एका टोपलीत तीन तीन. ती तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी जपून ठेवायची आणि तेच झाडांना घालायची, कमी पडलं तर नळाचं तांब्याभर. दोन घास जास्त जेवायला लागली. एकदा तर खुडता खुडता गुणगुणताना ऐकलं मी तिला.

मग शेजारीण आली. ती धुळ्याकडची, अहिराणी बोलायची. गॅलरीत जाऊन गालाला हात लावून उभी राहिली आणि मला म्हणाली, "तुनी सूनना हातले गुण शे व! बठ्ठी गल्लीमा असा फुलं नहीत."

सगळ्या गल्लीत अशी फुलं नाहीत म्हणे! जात मी सांगितली, माती मी सांगितली, आणि गुण तिच्या हाताला! सून शेजारीच उभी होती आणि हसत होती. "आईंनी सांगितलं" एवढे दोन शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. पाच महिन्यांनी कुणीतरी तिला चांगलं म्हटलं होतं, ती त्यातच हरवली असेल. हे मला आता सुचतं. तेव्हा सुचलं असतं तरी मी सोडलं नसतं.

आता कूलरचं सांगते. आमच्याकडे नळ तीन-चार दिवसांआड येतो, म्हणून कूलरमध्ये बोअरचं खारं पाणी भरतात. दिवसभर पंखा त्यातलं पाणी उडवतो आणि खार खाली टाकीत साचत जातो. गवताच्या जाळ्यांवर पांढरी पुटं चढतात. चार दिवसांनी टाकीतलं उरलेलं पाणी काढावं लागतं, पण ते मोरीत ओतायला कुणाचा हात धजत नाही. पाणी ते पाणी, म्हणून सगळे ते झाडांना घालतात. अंगणातला कडुनिंब ते पचवतो. टोपलीतल्या मूठभर मातीला पळायला जागा नसते. कॉलनीतला माझा मोगरा मी असाच, माझ्या हाताने घालवला होता. तेव्हा तीन दिवस मी कुणाशी बोलले नव्हते.

शेजारीण गेली, त्याच संध्याकाळी सून तांब्या घेऊन निघाली. मी म्हटलं, "इथे प्यायची मारामार आणि तू चांगलं पाणी झाडांना घालतेस? कूलरचं घाल की."

ती म्हणाली, "बरं, आई."

आठ-दहा दिवसांत पानांच्या कडा भाजल्यासारख्या तांबड्या झाल्या. तिला वाटलं ऊन वाढलंय, पाणी कमी पडतंय. तिने कूलरचं पाणी दोनदाचं तीनदा केलं. मी आत बसून भेंडी चिरत होते आणि दांडीवरून टपटप गळणारं पाणी ऐकत होते. तोंड उघडायला एवढासा वेळ लागला असता. आधी सदाफुली गेली, मग घाणेरी. चिनी गुलाब तेवढा बरेच दिवस धरून होता. सून रोज सकाळी मातीत बोट खुपसून बघायची.

"आई, सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. माझं काय चुकतंय?"

"काही चुकत नाही. काहींच्या हाताला नाही लागत झाड," मी म्हटलं.

मे महिन्यात आमच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे पापड, घालायला बायका जमल्या. पातेल्यात पीठ रटरटत होतं आणि सून ते लाकडी दांड्याने ढवळत होती. पाणी प्यायला खाली गेलेली शेजारीण ओरडतच वर आली, "हाई काय व माय, बठ्ठं वाळी गये?"

सगळ्या बायका सुनेकडे बघायला लागल्या. मी हातातला बिबडा साडीवर पसरला, कडा नीट केल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "काय करणार, हिच्या हाताखाली काही जगतच नाही."

दिवाळीचं काय झालं होतं ते तिथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.  सुनेचा हात थांबला, मग परत फिरायला लागला. तिने पातेलं पूर्ण ढवळलं, सगळ्यांना चहा दिला, बायका गेल्यावर खाली उतरली आणि सातही टोपल्या काढल्या. माती गोणीत भरली आणि गोणी घंटागाडीसाठी दारात ठेवली. कुणाला खोटं वाटेल, पण मला तेव्हा बरं वाटलं होतं.

जूनमध्ये मुलाने धुळ्याला नोकरी धरली. पगार तोच होता. तो म्हणाला, "तिकडे बरं आहे, आई." 

तीन वर्षांनी, गेल्या उन्हाळ्यात, मला पहिल्यांदा तिकडे बोलावणं आलं. तोवर हेही गेले होते, आणि नात दीड वर्षाची झाली होती. बारशाला मला बोलावलं नव्हतं, तिच्या माहेरी चोपड्याला परस्पर उरकलं. धुळ्याच्या घराला दक्षिणेकडे गॅलरी आहे, तिथेही दिवसभर ऊन. गॅलरीत अकरा टोपल्या होत्या. तेच चिनी गुलाब, तीच सदाफुली, तीच घाणेरी. मी मोजल्या. फुलं माझ्या कॉलनीतल्या फुलांपेक्षा चांगली होती, हे मला कबूल करावं लागलं.

सुनेने माझं सगळं व्यवस्थित केलं. आमरस केला, शेवभाजी केली, दुपारी उशी आणून दिली. दुपारी नातीने "पाणी, पाणी" केलं, तर मी वाटी भरायला उठले. सून धावत आली आणि वाटी माझ्या हातातून अलगद काढून घेतली. "राहू द्या आई, मी देते." मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतो म्हणून असेल.

संध्याकाळी मी कूलरची तोटी उघडून बादली भरली. रिकामं बसवत नव्हतं, तेवढाच हातभार. बादली उचलून उठले तर सून नातीला कडेवर घेऊन गॅलरीच्या दारात उभी.

"ते मोरीत ओता, आई."

"एवढं पाणी मोरीत?"

"हो. कॉलनीतला तुमचा मोगरा कशाने गेला, ते यांना आठवतं. त्यांच्या लहानपणी तुम्ही तीन दिवस बोलला नव्हतात म्हणे. इथे पहिल्या उन्हाळ्यात मी झाडांना कूलरचं घालायला निघाले, तेव्हा त्यांनी सांगितलं."

तिचा आवाज चढला नव्हता. मी खुर्चीत बसलेल्या मुलाकडे बघितलं. तो मोबाइलमध्ये बघत होता, आणि त्याने मान वर केली नाही.

मी बादली मोरीत ओतली. टाकीत अजून दोन बादल्या होत्या, त्याही ओतल्या. बाहेर आले तर नातीने माझ्याकडे हात पसरले. सुनेने तिला माझ्या मांडीवर ठेवलं, खेळवू दिलं. तिला परत तहान लागली, तेव्हा मी वाटीकडे हात नुसता पुढे केला.

"नको," सून म्हणाली. "तुमच्या हातचं काही तिला देत नाही मी."

मी तिथे चार दिवस राहिले. चार दिवस ती मला आई म्हणत होती, आणि नात तिच्या हातचं पाणी पीत होती.