मिठूचं दूध तोडायचं कधी

सन दोन हजार तेवीस, ऑक्टोबर महिना. हलका धान कापणीला आला होता, भारी धान अजून हिरवा होता, आणि पावसाळाभर बंद असलेलं नागझिऱ्याच्या जंगलाचं गेट नुकतंच उघडलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात हे किस्से जमत गेले. घरात अंगावर पिणारं लेकरू असलं की रस्त्यानं जाणारा माणूसही थांबून सल्ला देतो. धानावरच्या किडीचं विचारलं तर तोच माणूस म्हणतो, मला त्यातलं कळत नाही.

मिठू माझी नात. तेव्हा ती आठ महिन्यांची होती. तिची आई सुषमा, म्हणजे माझी सून, जंगलात गाईड आहे. गेट उघडलं की तिला कामावर जाणं भाग. नाही गेली तर तिची पाळी दुसऱ्याला जाते. मिठूला मात्र आईशिवाय काही चालत नव्हतं.

मी थोडाच शिकलेला माणूस आहे. जे झालं तेवढं लिहितो.

*

माझ्या बायकोचं, अनुसयेचं, मत पहिल्यापासून ठाम. "लेकराले कवा सोडाचं ते लेकरू ठरवते. आपन कोन?"

पुराव्याला ती मला उभं करते. मी पाच वर्षांचा होईपर्यंत आईचं दूध प्यालो. शाळेत नाव घातलं त्या दिवशी मधल्या सुट्टीत पाटी टाकून पळालो, तो थेट बांधीत, धानाच्या शेतात. आई रोवणी करत होती. गुरुजी मागोमाग आले. आई शेताच्या धुऱ्यावर बसली, मला पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "गुरुजी, थांबा जरासे. पेऊन होऊ द्या, मंग न्या."

गुरुजी छत्री उघडून थांबले.

अनुसया हे येईल त्याला सांगते. शेवटी माझ्याकडे बोट दाखवते. "पाहा, काई वाईट झालं का यायचं?"

लोक माझ्याकडे पाहतात आणि धानाचं विचारतात.

*

सुषमा कामावर गेली त्या पहिल्याच दिवशी त्यांची जिप्सी जंगलात नाल्यात फसली. सकाळच्या फेरीची माणसं दुपार झाली तरी बाहेर नाहीत. आत मोबाइल लागत नाही. इकडे मिठूनं घर डोक्यावर घेतलं. गाईचं दूध चमच्यानं दिलं, थुंकली. भाताची पेज दिली, माझ्या अंगावर थुंकली. रडून रडून तिचा आवाज बसला. मग रडणंही थांबलं, नुसती पाहत राहिली. तेव्हा मी घाबरलो.

आमच्या शेजारी फागूजी राहतो. शेताच्या पाण्याच्या पाळीवरून त्याचं माझं बोलणं बंद होतं. त्याची सून कविता तेव्हा आपल्या पहिल्या मुलाला पाजत होती. ती कुंपणाच्या फटीतून आत आली. विचारलं नाही, सांगितलं नाही. "आना इकडं पोरीले. काकाजी, तुमी तिकडं तोंड करा."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मागून मिठूचा गटागटा पिण्याचा आवाज आला. इतकं बरं मला पीक हाती आल्यावरही वाटलं नव्हतं.

पण मी कोणाचं देणं ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती फागूजीकडे तांदळाचा कट्टा पाठवला. संध्याकाळी फागूजीनं तो स्वतः आणून माझ्या फाटकात ठेवला. बोलणं बंद होतं, म्हणून तो फाटकाकडे पाहून बोलला.

"तुमची पोरगी दूध पेली. तांदूर नाई पेली."

*

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तलावाच्या पाण्याची बैठक झाली. आमची शेती चोरखमारा तलावाच्या पाण्यावर. उन्हाळी धानाला आधी कोण, मागून कोण, यावर दर वर्षी माझा आवाज सगळ्यांत मोठा असतो. फागूजी उठला आणि म्हणाला, "यंदा पहिलं पानी माह्या बांधीत."

मी तोंड उघडलं. मिठूच्या पिण्याचा आवाज कानात आला. तोंड मिटलं.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. एकानं विचारलं, "दयारामभाऊ, तब्येत बरी हाय ना?"

दुसऱ्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

*

अंगणवाडीत बाया जमल्या होत्या. ताईनं नीट समजावलं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. मग वरचं खाणं सुरू करायचं, पण दूध चालू ठेवायचं. दोन वर्षं, आणि त्याच्या पुढंही आई-लेकराला वाटेल तोवर.

अनुसया घरी येऊन म्हणाली, "एवढं सांगाले तिले शिकावं लागलं. मले विचारली असती तं मी सांगितली असती."

तेव्हा सुषमाची आई आमच्याकडे आली होती. त्या डोंगरगडकडच्या, राज्याच्या हद्दीपलीकडच्या. त्या म्हणाल्या, "हमर डहर लइका अपने मन ले छोड़थे." त्यांच्याकडेही लेकरू आपल्या मनानंच सोडतं म्हणे.

दोघी विहिणींचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर जमलं. मग कोणाकडचं लेकरू जास्त दिवस पितं यावरून दोघी जेवणापर्यंत भांडल्या.

*

एकदा जिप्सीत शहरातल्या एक बाई होत्या. सुषमाला घरी लेकरू आहे हे त्यांना कळलं. वाघ दिसेना, तेव्हा त्यांनी सुषमाची चौकशी चालवली. अजून पाजता? एवढी मोठी झाली तरी? सवय लागते. दात खराब होतात. मूल धीट होत नाही.

सुषमा जंगलाकडे पाहत हो-हो करत होती. थोड्या वेळानं त्याच बाईंनी विचारलं, "वाघीण किती दिवस पाजते हो?"

"पाच-सहा महिने, मॅडम. मग पिल्लाले शिकारीवर नेते."

"बघा. आणि तुम्ही?"

"मी अजून शिकारीवर नेली नाई, मॅडम."

ड्रायव्हरनं गाडी थांबवली. वाघ दिसला असं सगळ्यांना वाटलं. त्याला हसू आवरत नव्हतं, म्हणून थांबवली होती.

*

माझा मुलगा हेमराज गोंदियाला राईस मिलमध्ये कामाला आहे. रोज मोटरसायकलनं जातो-येतो. मिठू वर्षाची झाली त्या दिवशी तो पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आला आणि मोबाइल काढून बसला. "माय, यात लिहून हाय. सालभर बस होते. आता बंद कराचं."

अनुसया भाजी निवडत होती. "त्या मोबाइलले विचार, हेमराजचं कवा बंद केलं होतं."

"ते त्यात नाई राहत, माय."

"मंग माह्याजवर हाय. आठवडी बाजारात, भर गर्दीत, साडेतीन वर्षांचा घोडा. माहा पदर वढून म्हने, माय, बस ना खाली."

हेमराजनं मोबाइल खिशात ठेवला. डबा मिठूनं घेतला. पुढं बरेच दिवस ती तो चमच्यानं वाजवत असे. आतलं दूध अनुसयेनं चहात संपवलं.

*

मिठू दोन वर्षांची होत आली आणि सुषमाच थकली. पहाटे कामावर निघताना मिठू पायाला मिठी मारे. दुपारी सुषमा आली की मिठू चपलासुद्धा काढू देत नसे. एक दिवस ती अनुसयेला म्हणाली, "आत्याबाई, आता माह्यानं नाई होत."

मला वाटलं, आता ताईचं, मोबाइलचं, डोंगरगडचं सगळं निघेल. अनुसया एवढंच म्हणाली, "पाजनारीले नको झालं, गोष्ट सरली."

पण माझा जीव दुसरीकडेच अडकला होता. फागूजीच्या घरचं दूध माझ्या घरावर होतं. ते तांदळानं फिटत नव्हतं. कविताला नुकताच दुसरा मुलगा झाला होता, तिच्या अंगावर दूध होतं, तिला कोणाची गरज नव्हती. आमच्या घरातलं दूध तुटलं की ते देणं न फिटता माझ्याबरोबर सरणावर जाणार होतं.

अनुसयेनं कडुनिंबाचा पाला वाटला आणि सुषमाला लावायला दिला. आमच्याकडे तसंच करतात. लेकरू तोंड लावतं, कडू लागतं, दोन-चार दिवसांत विसरतं.

मिठूनं तोंड लावलं. थांबली. चाटलं. मग हसली आणि दोन्ही हातांनी धरून पिऊ लागली.

अनुसया बाहेर आली ती सरळ माझ्यापुढं. "दात येऊन राहिले होते तवा पोरीले चघळाले काय देत होते तुमी?"

मी कडुनिंबाची दातून देत होतो. हिरड्या शिवशिवतात, कडूनं बरं वाटतं. रोज सकाळी माझ्याबरोबर ती ओट्यावर बसून चघळायची.

"बुढ्यानं पोरीले निंबाची गोडी लावली," अनुसयेनं गल्लीभर सांगितलं.

मिठूचे दात मोत्यासारखे आहेत. ते कोणी सांगत नाही.

*

मग शेवटचा उपाय ठरला. सुषमानं रजा काढून मिठूला न घेता आठवडाभर माहेरी राहायचं. आई समोर नसली की दूध आपोआप तुटतं. सकाळी मिठू झोपेत असताना ती पिशवी घेऊन निघाली. मी ओट्यावर होतो. ती पाया पडली. मी म्हटलं, "जा."

ती गेली आणि थोड्या वेळानं फाटकाशी फागूजी उभा. हातात टॉवेलात गुंडाळलेलं लेकरू, कविताचं धाकटं. ते रडत नव्हतं. नुसतं पाहत होतं. तसं पाहणं मी एकदा पाहिलं होतं.

या वेळी तो माझ्याकडे पाहून बोलला. "दयाराम, कविताले रात्री गोंदियाले नेलं. पोटाचं ऑपरेशन हाय. हा बाटली नाई धरत. कालपासून पोटात काई नाई. तुही सून हाय का घरी?"

मी उठलो. धावत सुटलो.

या वयात गावानं मला धावताना पाहिलं. पाहू दे. स्टँडवर पोचलो तर बस सुटली होती, वळणावर येत होती. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. बस माझ्या पोटाशी येऊन थांबली.

ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "काऊन बाबाजी, मराचं हाय का?"

"माही सून उतरव."

"कायले?"

"कोनाचं लेकरू उपाशी हाय."

ड्रायव्हरनं गाडी बंद केली. सुषमा पिशवीसकट उतरली. घाबरली होती. "मामाजी, मिठूले काई झालं का?"

मी नाही म्हणून मान हलवली. दम लागला होता. मागून फागूजी लेकरू घेऊन येत होता, त्यालाही धाप लागली होती. सुषमानं त्याच्याकडे पाहिलं, लेकराकडे पाहिलं आणि पिशवी माझ्या हातात दिली.

ती स्टँडच्या शेडमध्ये बसली. फागूजी आणि मी रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो. बस निघत नव्हती. आतली माणसंही दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहत होती.

बराच वेळ मागून काही ऐकू येईना. मग सुषमा म्हणाली, "धरलं त्यानं."

फागूजीनं डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं केलं.

तेवढ्यात अनुसया आली, कडेवर मिठू. मिठू जागी होऊन आईला शोधत होती. आईच्या पदराखाली दुसरं लेकरू पाहून ती आता किती रडते, असं आम्हा सगळ्यांना झालं. मिठू कडेवरून खाली उतरली. शेडमध्ये गेली. वाकून पाहिलं.

"बाबूले भूक लागली," तिनं आजीला सांगितलं. मग माझ्या हातातल्या पिशवीतून मुरमुऱ्याचा लाडू काढला आणि दूध न मागता आईच्या बाजूला बसून खाऊ लागली.

लेकरू पिऊन झोपलं. सुषमानं ते फागूजीच्या हातात दिलं. त्यानं टॉवेल नीट केला. बस निघून गेली.

"फिटलं," फागूजी म्हणाला.

आमच्या दोघांची घरं एकाच रस्त्यावर. तो पुढं चालला, मी मागं.