आव्हानातला ‘ह’

अन्याय माझ्या बाकावरच्या मैत्रिणीवर झाला. दहावीच्या वर्षी, दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या सोमवारी, मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला. अन्यायाला तारीख-वार लागतो, नाहीतर लोक म्हणतात, तुझा गैरसमज झाला असेल. नव्हता झाला. मी शेजारीच बसले होते.

स्नेहसंमेलनात एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीतलं प्रकरण वाचायचं होतं. निवड तिची झाली होती. आवाज खणखणीत, आणि न अडखळता वाचायची. प्रकरणात शब्द मात्र दगडासारखे. ते आम्ही पनवेलच्या एसटी स्टँडवर फोडले, तिची उरणकडची गाडी लागेपर्यंत. मी पनवेलचीच, मला घाई नसायची. सुट्ट्या पैशांवरून कंडक्टर करतो ती निर्भर्त्सना. सीटसाठी म्हातारी करते ते आर्जव. रिक्षावाले आम्हा शाळकरी पोरींकडे बघतसुद्धा नाहीत, म्हणजे आम्ही यःकश्चित.

“मंग आपन यःकश्चित नंबर एक,” ती म्हणायची आणि बाकड्यावर हात आपटून हसायची.

त्या सोमवारी मराठीच्या सरांनी तिला वर्गात वाचायला लावलं. नायिका पंचांसमोर उभी राहून त्यांना आव्हान देते, तो प्रसंग. मैत्रीण घरी बोलते तसं वाचून गेली, ‘आवान’.

सर म्हणाले, “काय गं, पंचांना जेवायचं आवतण देतेस की काय? ‘ह’ कुठे ठेवलास? उरणच्या खाडीत?”

वर्ग फिदीफिदी हसला. ती हसली नाही.

“सर, ती बाई पंचांना घाबरत नाय, असाच अर्थ हाय ना? तो तुमाला समजला ना?”

“उलट बोलतेस? बस खाली.”

वाचन तिच्याकडून काढलं आणि मला दिलं. मी उभी राहून म्हटलं, “मी नाही वाचणार.” मग ते दुसऱ्या तुकडीत गेलं. तिथे एका मुलीने सगळे ‘ह’ जागच्या जागी ठेवून ते वाचलं. मला त्यातलं काहीच आठवत नाही.

आठवतो तो शाळेच्या फाटकावरचा फळा. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी सरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘सर्व पालकांना नम्र आव्हान, वेळेवर उपस्थित राहावे.’

मैत्रीण फळ्यासमोर थबकली. “आवाहन लिवायचा होता त्यांना. यो तर पालकांना नम्रपने दम दिलाय!”

मी पुसायला निघाले, तर तिने माझा हात धरला. “राऊ दे. वाचू दे सगल्यांना.”

सगळ्यांनी वाचलं. एकही पालक हसला नाही. आजही गावभर होर्डिंगं लागतात, ‘नागरिकांना जाहीर आव्हान’. ती लिहिणाऱ्यांना कुणी विचारत नाही, बाबा, अर्थ कुठे ठेवलास? सरांनी अर्थच बदलला तरी ती नजरचूक. तिचा नुसता ‘ह’ गळला, तर ती अडाणी. हा भाषेचा नियम नाही. कुणाला हसायचं, हे आधीच ठरलेलं असतं.

ती आता उरणजवळ द्रोणागिरीच्या गोदामात नोकरी करते, मी पत्रकं लिहिते आणि वाटते. येत्या रविवारी सकाळी आमच्या वाचनालयात त्याच कादंबरीचं वाचन आहे. तिने नाव दिलं. आयोजकांनी निरोप धाडला : आधी उच्चार सुधारून दाखवा, मग बघू. तिने उलट निरोप दिला, “आमी बोलतो तसाच वाचनार.” आयोजकांचं म्हणणं, श्रोते हसतील. म्हणजे वाचन पुन्हा काढून घेणार, आणि या वेळी तुम्हा श्रोत्यांच्या नावावर.

म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. रविवारी या. पुढच्या रांगेत बसा. तिला व्यासपीठावर बोलावलं नाही, तर उभे राहा आणि तिचं वाचन मागा. तिच्या ‘आवान’ला शेजारचा हसलाच, तर त्याला तिथल्या तिथे उभं करून विचारा : अर्थ कळला नाही का? आणि उत्तर दिल्याशिवाय त्याला खाली बसू देऊ नका.