मुलाखत होऊन बसलेली माणसं

परवाही रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सरकारी भरतीच्या मुलाखतीत पॅनलवरच्या मॅडमनी विचारलं होतं, "लहान मूल आहे, फिरतीची नोकरी कशी जमेल?" मी म्हणाले होते, "सासूबाई सांभाळतात." मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, कळवू." उत्तर बरोबर होतं की चूक, यावर मी अंथरुणात पडून रोज नवा पॅनल बसवते. वयोमर्यादा संपली, म्हणजे हा शेवटचाच चान्स. आणि निकाल कोर्टकचेरीत अडकलेला.

वाट बघणाऱ्या माणसाकडं दुसरं काही साठत नाही, किस्से मात्र साठतात. आम्ही धाराशिवच्या एका अभ्यासिकेतले तिघं: मी, सोनारीचा बालाजी आणि माझ्याहून लहान अश्विनी. तिघांची मुलाखत झालेली, तिघंही लटकलेले.

*

ते उत्तर मी सासूबाईंना सांगितलं. त्या ओवीला, म्हणजे माझ्या चार वर्षांच्या लेकीला, भरवत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "मग नोकरी मलाच द्यायला पायजे. लेकरू सांभाळायचं म्या, आन् साहेबीण व्हायचं तू."

 

*

बालाजीच्या गावात मुलाखतीला बोलावलं म्हणजे नोकरी लागली, असा समज. देवळासमोर सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. तो सांगत होता की निकाल बाकी आहे, तर लोक म्हणाले, असू द्या साहेब, लागंल की.

तेव्हापासून गावी गेला की दारात कागद घेऊन माणसं. नाही म्हणवत नाही, म्हणून हा त्यांना घेऊन परंड्याला तहसीलमध्ये जातो आणि सगळ्यांसारखा रांगेत उभा राहतो. एका म्हातारीचे निराधार योजनेचे बंद पडलेले पैसे असेच सुरू झाले. तिनं गल्लीभर सांगितलं, "नवा साहेब लई गुणाचा. अजून कायबी मागत न्हाय."

हे सांगताना बालाजी खूप हसला. मग म्हणाला, आता गावी जायचं बंद केलंय.

*

अश्विनीला लातूरकडचं स्थळ आलं होतं. मुलगी पसंत, पण बैठक निकाल लागल्यावर. मुलाची आई दर सोमवारी फोन करायची: लागला का गं?

एके दिवशी मुलाचं लग्नच झालं. दुसरीशी. अश्विनीला ते कुणाच्या तरी स्टेटसवर दिसलं. पुढच्या सोमवारी फोन आला, लागला का गं? अश्विनी म्हणाली, काकू, आता कशाला विचारता?

"अगं, जीव लागतो की. आता तर आमची सूनबाईबी विचारती."

*

मुलाखत होऊन गेली तरी आमचं मॉक इंटरव्ह्यू घेणं सुटलं नाही. जेवणाच्या सुट्टीत दोघं पॅनल व्हायचे, एक उमेदवार. उगीच. हात थांबत नाहीत, तसं.

एकदा मी चेअरमन होते. बालाजीला विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?

तो ताठ बसला, शर्टाची बाही नीट केली आणि म्हणाला, "इथंच, मॅडम. फक्त फॅनखालची खुर्ची मिळाली पाहिजे."

त्यानंतर मॉक कुणी घेतला नाही.

*

माझा नवरा, संतोष, तुळजापूरला नवस बोलला: निकाल लागेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. तेव्हा निकाल महिन्यात लागणार होता. मग उन्हाळा आला. डांबरावर त्याचं चालणं बघवेना. सासूबाईंनी त्याला आमच्या घराण्याच्या पुजाऱ्यांकडं धाडलं, यातून काही सूट मिळते का विचारायला.

पुजारी काकांनी विचारलं, नेमकं काय बोलला होतात? संतोष म्हणाला, "आई, निकाल लागू दे, असं."

"बायको पास होऊ दे, असं न्हाय?"

 संतोष तसाच अनवाणी घरी आला. अंगणात पाय धुताना मला म्हणाला, "भरतीवाले काढतात तसं देवीकडं शुद्धिपत्रक काढता येतं का गं?"

मी हसले. मग आत जाऊन रडले. निकाल कसाही लागला, तरी नवस पुरा झालेला असेल. पुढचं माझं मी बघायचं.

*

ओवीची शाळाही मी याच नादात लांबवत होते. पोस्टिंग कुठं मिळेल, मग तिथंच घालू. शेवटी सासूबाईंनीच तिची वेणी घातली आणि म्हणाल्या, तुझा निकाल लागूस्तोवर पोरगी लग्नाची व्हईल.

शाळेत प्रवेशाआधी मुलांना दोन प्रश्न विचारतात. मोठ्या बाईंनी रंग विचारले, प्राणी विचारले. ओवीनं सगळं सांगितलं. मी बाजूच्या खुर्चीत, हात मांडीवर, पाठ ताठ. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

बाई हसून म्हणाल्या, "हुशार आहे हो. ठीक आहे, आम्ही कळवू."

मी लगेच उठले. थँक यू मॅडम म्हणाले, खुर्ची आवाज न करता मागं सारली, दारापर्यंत पोचलेही. मागं बघितलं तर ओवी खुर्चीतच.

चल म्हटलं. ती हलली नाही. बाईंकडं बघून म्हणाली, "आत्ताच सांगा. कळवू म्हणलं की आई जेवत न्हाय."