साबिक सुभेदार

आमच्या आईच्या मामांना उभ्या आयुष्यात एकच गोष्ट जमली नाही, ती म्हणजे विनंती करणं. निजाम सरकारच्या चार जिल्ह्यांची सुभेदारी करून ते सिंदफणेकाठी आमच्या घरी राहायला आले, तेव्हा मागे मूलबाळ कुणी नव्हतं. एक शेरवानी, एक रुमी टोपी आणि हुकूम सोडायची सवय एवढंच सामान. वैशाखात आम्ही उघड्या अंगानं लिंबाखाली घोरत पडायचो आणि मामा गळ्यापर्यंत गुंड्या लावून म्हशींचा मुआयना, म्हणजे तपासणी, करत फिरायचे. न्हाव्यालासुद्धा उर्दूत चिठ्ठी जायची. बिचाऱ्याला अक्षर येत नव्हतं, पण कागद दिसला की धोपटी उचलून पळत यायचा. एकदा कालवण खारट झालं, तर माझ्या थोरल्या वहिनीकडे लेखी खुलासा मागितला! तिनं तांब्या पुढ्यात आदळला. "ह्यो घ्या खुलासा. पानी हाय, वता त्यात." मामा मुकाट्यानं ओतून जेवले.

पण माणूस सोन्यासारखा हो. दुष्काळात त्यांच्या हुकमानं खोदलेल्या विहिरींवर गावंच्या गावं जगली. घाटनांदुराकडचा एक म्हातारा मुद्दाम पाया पडायला आला, तर मामा संकोचून म्हणाले, "विहीर तुम्हीच खोदली. मी नुसती सही केली." ती सही अर्धा कागद खायची. ती कुणाला कधी वाचता आली नाही, पण कचेऱ्यांतून सगळे ओळखायचे.

त्या साली कुण्या साहेबाचा दौरा निघाला आणि सामान ओढायला वेठीनं, म्हणजे फुकटात, बैल न्यायला चपराशी आले. पेरणी तोंडावर आलेली. थोरला भाऊ म्हणाला, "बैल न्हाई देत. काय करायचं ते करा." त्यांनी बैल गोठ्यातच ठेवले आणि भाऊच नेला! तालुक्याच्या कोठडीत त्याला चार दिवस झाले. वहिनीचे दिवस भरत आलेले. ती मामांपुढे येऊन उभी राहिली. "मामा, जलमभर लई हुकूम सोडले. आता माज्यासाठी येक अर्ज लिवा."

मामा लिहायला बसले. तीन कागद फाडले. अर्जाची सुरुवात कशी करतात हेच त्यांना सुचेना. शेवटी घाम पुसत चौथा कागद त्यांनी माझ्या हातात दिला. मला उर्दू येत नव्हती. कचेरीतल्या कारकुनानं घडी उघडली, वाचलं आणि ताडकन उभाच राहिला. "सुभेदारसाहेबांचा हुकूम!" म्हणत आत पळाला. घटकाभरात भाऊ बाहेर! मला वाटलं, अर्ज म्हणतात तो असाच चालत असेल.

घरी हे सांगितलं तसे मामा पांढरेफटक पडले. सवयीनं हात चालला होता. 'हुकूम दिला जातो की' अशी सुरुवात, आणि सहीखाली 'सुभेदार' लिहिताना आधीचा 'साबिक', म्हणजे माजी, हा शब्द राहिलेला. आता मामांना कैद होणार, आणि हुकूम खोटा म्हणून भावालाही पुन्हा धरून नेणार. वहिनी म्हणाली, "गप ऱ्हावा. कुनाला कळतंय?"

"मला कळतंय ना," मामा म्हणाले.

सकाळी गाडी जुंपून मी त्यांना कचेरीत नेलं. तहसीलदार अगदी तरुण. त्यानं खुर्ची पुढे केली तरी मामा बसले नाहीत. सगळं सांगून त्यांनी उभ्यानंच हात जोडले. "अर्ज आहे. चूक माझी, शिक्षा मला द्या. पोराला परत धरू नका." आवाज कापत होता. तहसीलदारानं कागद मागवला, पाहिला, आणि दौत पुढे सरकवली. "एक शब्द राहिलाय, तेवढा लिहून द्या. पोराच्या सुटकेचा हुकूम मी माझ्या सहीनं काढतो."

मामांनी 'साबिक' लिहिलं. हुश्श! परतताना गाडीत त्यांनी शेरवानीची वरची गुंडी सोडली. मी तरी ती सुटलेली पहिल्यांदाच पाहिली.

वहिनीला मुलगी झाली. ती रांगती झाली तोवर मामा अंथरुणाला खिळले होते. अन्न नको म्हणायचे. एका दुपारी वहिनी पेजेची वाटी घेऊन उशाशी बसली. "मामा, दोन घोट घ्या."

"हुकूम आहे का?" डोळे न उघडताच त्यांनी विचारलं.

"न्हाई मामा. अर्ज हाय."

"मंजूर," मामा म्हणाले आणि तोंड उघडलं.

दिवस मावळायच्या आत ते गेले. अजूनही पारावर त्यांचा विषय निघतो, तेव्हा लोक 'आपले सुभेदार' असंच म्हणतात. साबिक हा शब्द कुणीच लावत नाही.