गुलाबी दगडांची पथारी

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दगड निवडणं. अंगणात ताडपत्री अंथरलेली, तिच्यावर सुपारीएवढे, लिंबाएवढे समुद्रातले दगड, वरून गुलाबी कातडं चढलेले. ती पाटावर बसलेली, कारण उकिडवं बसलं की तिला दम लागायचा. मी समोर. ती दगड उचलायची, उन्हाकडे धरून फिरवायची आणि ढिगात टाकायची. सपाट सपाटांत, गाठीगाठीचे गाठीगाठींत, फिकट वेगळे.

“हाऊ याना भाऊ शे,” हा याचा भाऊ, असं म्हणत एकेक ठेवायची. मी एक दगड चुकीच्या ढिगात टाकला तर म्हणाली, “तुमले फटकी मिरची बी वळखता ये नही, दगड काय वळखशात.”

हे खरं होतं. आमचा जन्म मिरचीच्या पथारीवर गेला. नंदुरबारला व्यापाऱ्यांची मिरची उघड्या माळावर वाळत घालतात, त्याला पथारी म्हणतात. मी पोती ओतायचो, पसरायचो, उलटवायचो. ती बायकांच्या रांगेत बसून देठ खुडायची आणि रंग उडालेली फटकी बाजूला काढायची. एवढ्या लाल रंगात एक फटकी तिच्या नजरेतून सुटत नसे. मिरचीच्या त्या धसकीने, तिखट धुळीनेच, तिची फुप्फुसं खाल्ली. तोंडाला फडकं बांधून काय होतं?

दगड आमच्या मुलीचे होते. एकच मुलगी. ती पुण्याला समुद्रातल्या लाल शेवाळावर शिकते. मी चौथी शिकलेला माणूस, मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. हे शेवाळ हिरवं नसतं, गिळगिळीत नसतं. ते अंगात चुना धरतं, दगडावर रंगासारखं पसरतं आणि मोकळे दगड, प्रवाळाचे तुकडे एकमेकांना सांधतं. त्यातून पाण्याखाली अख्खा खडक उभा राहतो. आणि त्याची गंमत अशी की डोळ्यांनी त्याचं कूळ ओळखता येत नाही. दोन दगडांवरचं कातडं हुबेहूब सारखं असतं, पण त्यांचं एकमेकांशी काही नातं नसतं. एक सपाट, एक गाठाळ, आणि दोघं सख्खे निघतात. प्रत्येक जिवाच्या आत पिढ्यांचा एक धागा असतो, जनुकांचा. तो यंत्रात वाचला तरच कळतं कोण कोणाचा. तीन वर्षं ती हेच करत होती.

तिने हे आईला सांगितलं होतं, मला नाही. मी आतल्या खोलीतून ऐकलं. माझं आणि तिचं बोलणं वर्षभर बंद होतं. आदल्या दिवाळीला घरात पाहुणे असताना मी बोललो होतो, की बीएड करून मास्तरीण झाली असती, तर ही शेवाळ खरवडायला गेली. पाहुणे हसले. ती ताटावरून उठली. मला वाटेल ते तोंडावर बोलायची खोड आहे. त्याला मी खरेपणा समजत आलो.

पावसाळ्याआधी ती गुजरातच्या किनाऱ्यावरून सुरतेच्या गाडीने घरी आली. प्रत्येक दगडाचे दोन तुकडे केलेले. एक खोकं पुण्याला नेलं, दुसरं, पहिलं बिघडलं तर असावं म्हणून, जोडीचं इथे ठेवलं. दगड वेगवेगळ्या पिशवीत, पिशवीत ओल शोषणारे निळे खडे आणि पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. आईला बजावून गेली, की खडे गुलाबी झाले तर ओल शिरली समजायचं आणि मला फोन करायचा, पिशवी उघडायची नाही.

त्या दिवशी सकाळी मी खोकं बघितलं. आश्विन लागला होता, ऊन चांगलं कडक. सगळे खडे गुलाबी. बायको झोपलेली होती, रात्रभर खोकली होती. फोन करायचा तर मला करावा लागणार होता. वर्षभर न बोललेल्या मुलीला फोन लावून, बाई गं, तुझ्या दगडांचं काय करू, असं विचारायचं? मी विचारलं नाही. मिरचीला ओल लागली तर काय करतात ते मला माहीत होतं. पोती फोडायची आणि सगळा माल एका पथारीवर घालायचा. तेच केलं. ताडपत्री टाकली, एकेक पिशवी ओतली आणि हाताने सारखं पसरवलं. चिठ्ठ्या कागदाच्या. वारा आला. काही पलीकडच्या पपईच्या वावरात गेल्या, काही तिथेच लोळत राहिल्या. कुठली चिठ्ठी कुठल्या दगडाची, हे कोणालाच सांगता आलं नसतं. मिरचीला चिठ्ठी नसते, म्हणून मी तिकडे बघितलंही नाही.

बायको उठून बाहेर आली आणि उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, पाट आणा.

दुपारभर आम्ही निवडत बसलो. तिची नजर एवढी पक्की, तिला वाटलं आपण सारखा सारख्याला लावला की निम्मं तरी सावरेल. डोळ्यांनी कूळ कळत नाही, हे मुलीने सांगितलेलं तिला आठवत नव्हतं असं नाही. पण हाताला जे येतं तेच माणूस करतं. पिशव्या परत भरल्या, सापडलेल्या चिठ्ठ्या त्यांत अंदाजाने टाकल्या. खोकं नीट बांधलं. तिला दोन वेळा उठून दम खावा लागला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. बायको फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवायची, मला ऐकू जावं म्हणून. मुलगी घाईत होती. पुण्याच्या खोक्यातल्या दगडांतून धागा नीट निघालाच नाही, आता जोडीच्याच दगडांवर सगळं आहे, मी परवा न्यायला येते, असं म्हणाली. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं तर तिने हात आडवा केला. आणि म्हणाली, पोरी, मन्हाकडथून चूक व्हयनी. मी दगड उन्हात टाकात. चिठ्ठ्या मिसळन्यात.

तिने असं का केलं ते मला तेव्हाच कळलं. माझं नाव सांगितलं असतं तर मी ते मुद्दाम केलं असं मुलीने धरलं असतं, आणि या घराकडे परत पाऊल टाकलं नसतं. आईला ती माफ करेल, मला नाही.

मुलगी रागावली की पुस्तकी मराठी बोलते. ती म्हणाली, “आई, माझी तीन वर्षं तू उन्हात टाकलीस. तुला एक फोन करता आला नाही?” आणि फोन ठेवला.

मी शेजारीच होतो. जन्मभर सगळ्यांना तोंडावर बोललेला मी गप्प बसलो. लगेच उलटा फोन लावता आला असता. बायको म्हणाली, राहू द्या, परवा येईल तेव्हा मी समजावते. मला ते सोयीचं वाटलं.

दिवेलागणीला तिला दम लागला तो खाली बसेना. पुतण्याने रिक्षा आणली. दवाखाना यायच्या आधीच, माझ्या मांडीवर, ती गेली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कधीचीच संपलेली होती, आज नाही तर उद्या. पुण्याला पुतण्यानेच कळवलं.

मुलगी सकाळी आली. रात्रभर बसमध्ये बसून डोळे सुजलेले. आईच्या पायांवर डोकं घातलं आणि बायकांना सांगत सुटली की मी काल तिला असं असं बोलले, “मन्हा बोलामुळेच गयी ती.” बायका तिला थोपटत होत्या, तिची प्रकृतीच तशी होती म्हणत होत्या. ती ऐकत नव्हती. तिरडी बांधून झाली होती. मुलीने पाणी पाजायचं, मग उचलायचं, एवढंच राहिलं होतं.

मी भाऊबंदांतून उठलो आणि तिच्यासमोर जाऊन बसलो.

“दगड तुन्ही मायनी नही, मी टाकात उन्हात,” मी म्हणालो. “तिनी मन्हा आळ अंगवर लिधा.”

मुलीने मान वर केली. एक वर्षानंतर ती माझ्याकडे बघत होती.

“मी फोन करा तव्हय तुम्ही कोठे व्हतात?”

“तिन्हा शेजारीच,” मी सांगितलं.